शेजारच्या खणातलं शून्य

पेटी खोटं बोलत नाही, असं झिवोयिनला मीच सांगितलं. कुणी पढवून ठेवलं नव्हतं. तो हातोडा घेऊन माझ्या टेबलापाशी उभा होता, तरी मी घाबरून बोलले नाही. रागानं बोलले. माझ्या कामावर कुणी शंका घेतली की माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

त्याचा धाकटा भाऊ स्रेतेन आदल्या दिवशी दगडखाणीत मेला होता. क्रशरच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात मोठा दगड अडकला, तो काढायला स्रेतेन आणि ओब्रेन स्तामेनोविच असे दोघे आत उतरले. ओब्रेन बाहेर आला, त्यानं हिरवं बटण दाबलं, आणि स्रेतेन अजून आतच होता. त्याचं जे उरलं ते ताडपत्रीत गुंडाळून घरी आणलं. शवपेटी बंदच ठेवली, आईलासुद्धा तोंड दाखवलं नाही, कारण दाखवायला तोंड नव्हतं.

क्रशरच्या दाराशी भिंतीवर जी दिव्यांची पेटी आहे ती आमच्या कंपनीची. आत उतरणारा माणूस आपलं कार्ड डाव्या खाचेतून ओढतो, त्याच्या नावापुढचा दिवा लागतो. बाहेर आला की उजव्या खाचेतून ओढतो, दिवा विझतो. वरच्या शिडीपाशीही बाहेर पडायची एक खाच आहे. एक जरी दिवा लागलेला असला तरी हिरवं बटण मेलेलं असतं, कितीही दाबा. या पेटीचा प्रोग्राम मी लिहिलाय. नऊ वर्षं झाली.

झिवोयिननं आल्या आल्या दाराची काच फोडली, मग दोन मॉनिटर. आमचा मालक वेलिझार, ज्याला मी कॉलेजपासून वेल्या म्हणते, तो शहाण्यासारखा कपाटाआड गेला.

"बाई, एकच सांग," झिवोयिन म्हणाला. त्याच्या हाताला काच लागली होती आणि रक्त माझ्या कीबोर्डवर टपकत होतं. "माझा भाऊ आत असताना त्याचा दिवा विझला कसा?"

"कार्ड ओढल्याशिवाय दिवा विझत नाही."

"तुझी पेटी बिघडली असेल."

"माझी पेटी बिघडली तर यंत्र बंद पडतं, चालू होत नाही. मेमरी कमी पडली, यंत्र बंद. तार तुटली, यंत्र बंद. तसंच लिहिलंय मी ते. पेटी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

"म्हणजे कुणीतरी त्याचं कार्ड ओढलं."

"ओढलं असणार. जाकिटं बाहेर खुंटीला टांगून, कार्ड खिशात ठेवून आत उतरता ना तुम्ही सगळे? दहा वेळा सांगितलं, कार्ड गळ्यात घाला म्हणून. आता तो हातोडा खाली ठेव आणि चालता हो."

त्यानं हातोडा खांद्यावर टाकला. मग अगदी हळू म्हणाला, "तिथं दोघंच होते." आणि गेला.

वेल्या कपाटामागून बाहेर आला. "छान बोललीस विदोसावा," तो म्हणाला, "आता आपल्यावर काही येत नाही." मलाही तेव्हा छानच वाटलं होतं. ओब्रेन आणि स्रेतेनची उन्हाळ्यात जत्रेत मारामारी झाली होती, ओब्रेनचा एक दात पडला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. ते लक्षात असूनही मी ते वाक्य बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्रेतेनला पुरलं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कार्यालयातला फोन वाजला.

"पेटीवाल्या बाई का? मी यागोदा. ओब्रेनची बायको." ती धापा टाकत होती. "त्याला कबरीवरूनच उचलून नेलंय हो. झिवोयिन आणि त्याचे दोघे चुलतभाऊ. राकिया पिऊन टर्र आहेत. क्रशरवर नेलंय, म्हणतात, जिथं केलंस तिथंच कबूल कर."

"पोलिसांना फोन कर!"

"केला. एकच गाडी आहे, ती म्हणे सीमेवर गेलीय, आली की पाठवतो. बाई, तो देवाची शपथ घेऊन सांगतोय, मी कार्डाला हात लावला नाही. पहार आणायला तो बाहेर आला, परत आत गेला, दगड मोकळा केला, बाहेर आला. बघतो तर स्रेतेनचा दिवा विझलेला. त्याला वाटलं, स्रेतेन वरच्या शिडीनं गेला. म्हणून दाबलं बटण. तुम्हीच झिवोयिनला म्हणालात ना, कुणीतरी ओढलं म्हणून? आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या कशानं विझतो का तो दिवा?"

'विझत नाही' हे शब्द अगदी ओठावर होते. पण तिच्या बोलण्यातली एक गोष्ट खटकली: परत आत गेला. चाचणी घेताना आम्ही माणसं एकामागून एक आत घालायचो आणि एकामागून एक बाहेर काढायचो. पहार विसरून परत जाणारा माणूस आमच्या चाचणीत कधी नव्हताच.

"बघते," मी म्हणाले. "तू कुठं आहेस?"

"घरी. आता धावत निघालेय तिकडं. बाई, लवकर बघा."

खाणीवरच्या पेटीची जुळी पेटी, सहाही कार्डांच्या नकलांसकट, माझ्या टेबलावर असते. कार्डांची यादी काढली. पहिला दिवा ओब्रेनचा, दुसरा स्रेतेनचा, शेजारी शेजारी. मग मी एक काम केलं जे नऊ वर्षांत केलं नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून ओब्रेन स्तामेनोविचची रोमन अक्षरं मोजली. मधली मोकळी जागा धरून सोळा भरली. 

समजायला अवघड नाही हे. मेमरी म्हणजे खणांची लांबच लांब रांग. प्रत्येक माणसासाठी मी पहिला खण दिव्याला दिला होता, एक म्हणजे आत, शून्य म्हणजे बाहेर, आणि पुढचे सोळा खण नावाला. नाव कुठं संपलं हे यंत्राला कळावं म्हणून नावाच्या शेवटी एक शून्य ठेवावंच लागतं. प्रोग्राम लिहायच्या सी भाषेत नाव उतरवून घ्यायचं जे तयार फंक्शन मिळतं, ते जागा पुरी भरली की शेवटचं शून्य खुशाल गाळतं. त्यापायी लोकांचे प्रोग्राम कोसळतात. म्हणून मी माझं स्वतःचं फंक्शन लिहिलं होतं, जे शून्य कधीच विसरत नाही. आमच्याकडे दुसरं कुठलं वापरायचं नाही असा माझा हुकूम होता. नवीन माणसांना मी ते दाखवायचे, आपलं मूल दाखवावं तसं.

आत जाताना कार्ड ओढलं की दर वेळी ते फंक्शन त्या माणसाचं नाव खणांत नव्यानं उतरवायचं. सोळा अक्षरं आली की ते सोळाही खण भरायचं. आणि शून्य विसरायचं नाही म्हणून पुढच्या खणात शून्य ठेवायचं. पुढचा खण शेजारच्या माणसाच्या दिव्याचा.

आठ वर्षं हे घडूनही कुणाचं काही वाकडं झालं नाही, कारण तेव्हा मी प्रत्येक माणसासाठी जागा वेगळी मागून घ्यायचे. मेमरी वाटून देणारं फंक्शन मागितल्यापेक्षा थोडी जास्तच देतं, दोन जागांच्या मध्ये पडीक पट्टा राहतो, आणि ते शून्य त्या पडीकात जाऊन पडायचं. या वसंतात मला काटकसरीची हुक्की आली. सगळ्यांची मिळून एकच सलग जागा घेतली. वेल्यानं कौतुकही केलं.

जुळ्या पेटीवर मी स्रेतेनचं कार्ड आत घातलं, दुसरा दिवा लागला. मग ओब्रेनचं कार्ड ओढलं. पहिला दिवा लागला आणि दुसरा विझला. उजव्या खाचेतून मी एकही कार्ड ओढलेलं नव्हतं.

घड्याळात एक पस्तीस झाले होते.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. आमच्या धंद्यात माझा एक नियम आहे आणि तो मी तीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलाय: बिघाड एकदा दिसला की तो भास, दोनदा दिसला की योगायोग, तीनदा दिसला की मगच तोंड उघडायचं. आणि दर वेळी पेटी पूर्ण पुसायची, प्रोग्राम नव्यानं चढवायचा, सहाही कार्डं पहिल्यापासून नोंदवायची. एका फेरीला सतरा-अठरा मिनिटं लागतात. फोन माझ्या कोपरापाशी होता. मी पेटी पुसायला घेतली.

नियमाचं नाव पुढं करून मी सुटणार नाही. खरं कारण हे, की दुसऱ्या खेपेला तो दिवा विझणार नाही अशी मला आशा होती. तिकडे एका माणसाला मारत होते आणि इकडे मी माझ्या फंक्शनसाठी देवाला साकडं घालत होते.

एक बावन्न, दिवा विझला. दोन वाजून दहा मिनिटं, दिवा विझला.

मग मी यागोदाला फोन केला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. झिवोयिनचा नंबर कुणाकडे नव्हता. मी जुळी पेटी तारांसकट उपटली, काखेत मारली आणि दाराकडे निघाले. दारात वेल्या उभा होता. किती वेळ माझ्या मागं उभा राहून बघत होता कोण जाणे. गावातली बातमी त्यालाही कळली होती.

"कुठं निघालीस?"

"क्रशरवर. चूक माझी आहे. ओब्रेननं काही केलं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? आधी वकिलाशी बोलू. उद्या बोलू." त्यानं दाराला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. "ते प्यायलेले आहेत विदा. तू जाऊन सांगणार की मी मारला तुमच्या भावाला? तुला उभी चिरतील."

"वेल्या, दार उघड."

"अकरा जणांची घरं चालतात या कंपनीवर. आणि ओब्रेनचं काय, चार थपडा खाईल, सोडून देतील. खेड्यातली माणसं ती, त्यांचं चालायचंच."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देतायत, आणि चोर इथं उभा आहे तुझ्यापुढं! उघड!"

त्यानं माझा दंड धरला. मी चोपन्न वर्षांची, गुडघे गेलेली बाई आहे. पेटी लोखंडी आहे, साडेचार किलोची. मी ती दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तो खाली बसला, मी परत घातली, या वेळी खांद्यावर, कारण तो अजून खिशावर हात दाबून होता. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा त्यानं स्वतःच किल्ली फेकली. तीस वर्षांचा मित्र माझा. मला वाईट वाटलं नाही, वेळ जातोय एवढंच वाटलं.

खाणीकडचा रस्ता नदीकाठानं वळत वर जातो. पंचवीस मिनिटं लागतात. मी एकोणीस मिनिटांत गेले, एका वळणावर कठड्याला गाडी घासली, आरसा गेला.

क्रशरच्या आवारात तिघं उभे होते. काळे कोट, त्यावर पांढरी भुकटी. एका चुलतभावाच्या हातात बाटली होती, दुसरा भिंतीला टेकून ओकत होता. झिवोयिन जबड्याच्या कडेवर बसला होता, हातोडा मांड्यांमध्ये. यागोदाचा फोन चिखलात फुटून पडला होता. ती जबड्याच्या आत होती, दगडांवर, आणि तिच्या मांडीवर ओब्रेनचं डोकं होतं. कडेच्या लोखंडावर रक्त होतं, आणि रक्तात नखं चिकटली होती. ओब्रेनच्या उजव्या हाताची बोटं सगळ्या दिशांना वळली होती.

"पेटीवाली आली," झिवोयिन म्हणाला. "ये. कबूल करत नाहीये अजून. फार चिवट."

"त्यानं काही केलं नाही. कार्ड कुणी ओढलंच नाही."

"तूच म्हणालीस ओढलं."

"मी चुकले. इकडे ये, दाखवते. येतोस की कानाला धरून आणू?"

का कोण जाणे, तो आला. दारूच्या तारेतही माणूस दरडावणीला उठतो, शाळेची सवय असेल. भिंतीवरच्या पेटीला सरकारी सीलची पट्टी चिकटवली होती, ती मी फाडली. स्रेतेनचं जाकीट अजून खुंटीला होतं. खिशातून त्याचं कार्ड काढून डाव्या खाचेतून ओढलं. दुसरा दिवा लागला.

"हा तुझा भाऊ. आत आहे. दिसतंय?"

"दिसतंय."

"ओब्रेनचं कार्ड?"

ते झिवोयिनच्याच खिशात होतं, त्यानं काढून घेतलं होतं. मी म्हटलं, "आता ओब्रेन पहार घेऊन परत आत जातोय. तू ओढ. तुझ्या हातानं ओढ."

त्यानं ओढलं. पहिला दिवा लागला. स्रेतेनचा विझला.

 त्यानं भावाचं कार्ड परत ओढलं, दिवा लागला. ओब्रेनचं ओढलं, विझला. असं त्यानं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. पाठीमागं बाटली फुटली. चुलतभाऊ म्हणाला, "झिका, चल, निघू इथून." झिवोयिननं वळूनही पाहिलं नाही. मग तो कार्डं तिथंच टाकून जबड्यात उतरला, दगडांवरून घसरत, आणि ओब्रेनच्या पुढं गुडघे टेकून बसला.

"ऊठ रे," तो म्हणाला. "ओब्रेन. ऊठ. कळलं मला. ऊठ, तुला दवाखान्यात नेतो. पाठीवर घेऊन नेतो. ऊठ ना भावा."

ओब्रेनचे डोळे उघडे होते. कानामागं कवटी आत गेली होती, तिथं यागोदानं आपला डोक्याचा रुमाल दाबून धरला होता, आणि रुमालातून आता काही येत नव्हतं.

मी कडेवरून खाली उतरले. झिवोयिनला सांगितलं तेच यागोदालाही सांगायचं होतं मला, की चूक माझी, तुझ्या नवऱ्याची नाही. तिनं ते ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर पांढरी धूळ होती आणि आसवांनी तिच्यात चर पडले होते. तिनं एकच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आता कळलं, वाटेत कळलं, काहीही. तिथं मला तपासणारं कुणी नव्हतं.

"एक पस्तीसला," मी म्हणाले. "पहिल्यांदा एक पस्तीसला. मग आणखी दोनदा खात्री केली."

ती हिशेब करत होती. मला दिसत होतं.

"मी दोनला पोचले इथं," ती म्हणाली. "दोनला नुसता हात मोडला होता. बोलत होता माझ्याशी. म्हणाला, घाबरू नकोस, त्या बाई हुशार आहेत, शोधून काढतील. सव्वादोनला त्यानं पळायला बघितलं, तेव्हा यानं डोक्यात हातोडा घातला."

तिनं त्याचं डोकं अगदी सावकाश दगडावर ठेवलं, आपला कोट काढून त्याखाली सारला. मग माझ्या केसांना धरलं. बारीक चणीची बाई, पण तिनं मला उताणं पाडलं आणि माझं डोकं लोखंडावर आपटलं, एकदा, दोनदा, मग हातात दगड घेतला. माझा गाल फाटला, डाव्या डोळ्यात रक्त गेलं.  मी हात वर केले नाहीत. खाली रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजत होता.

तिला माझ्या अंगावरून ओढून काढलं ते झिवोयिननं. मागून कवेत घेऊन, रडत, "बास, बास, वहिनी, मरेल ती," असं म्हणत.

"सोड तिला," मी त्याला म्हणाले.